‘तुला होऊन गेलाय की!’

रविवारची वंदना आटोपली की आमच्या विहारात चहा होतो आणि चहाबरोबर गप्पाही. मध्यंतरी घरोघरी सर्दी-तापाची साथ होती, तेव्हा एक आजी ठसक्यात म्हणाल्या, “मला कोरोना होऊन गेलाय. मला आता काय धाड भरत नाही.” सगळे हसले. कोपऱ्यात बसलेले तात्या मात्र चहा तसाच ठेवून उठले आणि चपला घालून निघून गेले.

तात्या सांगली जिल्ह्यातल्या एका गावात सफाई कामगार आहेत. कायम नव्हे, ठेक्यावर. नाव-गाव न घालता त्यांची हकीगत इथे देतो. तशी त्यांनी परवानगी दिली आहे.

सप्टेंबर २०२० मध्ये तात्यांना कोरोना झाला. त्या महिन्यात सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांत दवाखान्यात खाट मिळणे मुश्कील झाले होते. दहा दिवस कोविड केंद्रात राहून तात्या बरे झाले आणि कामावर गेले. मुकादम म्हणाला, “तुला होऊन गेलाय की! तुला आता काय हुतंय?” त्या दिवसापासून मयतांची गाडी तात्यांकडे आली. ज्यांना झाला नव्हता त्यांना झाडलोट आणि ज्यांना होऊन गेला त्यांना स्मशान, अशी वाटणी. अंगभर झाकणारा पोशाख सुरुवातीला मिळाला, पुढे “तुला कशाला?” म्हणून तोही बंद झाला. एक मास्क आठवडाभर पुरवायचा.

एप्रिल २०२१ मध्ये तात्यांना दोन दिवस कणकण आली, घसा धरला. तिसऱ्या दिवशी ते गाडीवर हजर. आठवड्याच्या आत त्यांच्या पत्नीला ताप भरला. त्या बाईंना आधी कधी कोरोना झाला नव्हता. श्वास लागला, दवाखान्यात नेले, ऑक्सिजन लावला. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्या गेल्या. तात्यांकडूनच त्यांना लागण झाली असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, कारण तात्यांची दुसऱ्या वेळी तपासणीच झाली नव्हती. पण तात्यांच्या मनात तेच बसले आहे.

मग मुकादम खोटे बोलला होता का? मी बी.कॉम. झालेला कारकून, डॉक्टर नव्हे. पण हा प्रश्न मला सोडवेना. वाचत गेलो, ओळखीच्या डॉक्टरांना विचारत गेलो. तेव्हा कळले की मुकादमाचे म्हणणे अर्धे खरे होते, आणि उरलेल्या अर्ध्यानेच घात केला.

“एकदा झाला की पुन्हा होत नाही” ही समजूत आपल्या आयाबायांनी गोवरावरून घेतली आहे, आणि गोवराबाबत ती बरोबर आहे. उत्तर अटलांटिक महासागरातल्या फेरो बेटांवर १८४६ साली गोवराची साथ आली. सुमारे ७,८०० वस्तीपैकी ६,००० च्या आसपास माणसे आजारी पडली. पीटर पानुम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर तिथे गेला. त्याला आढळले की १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर येऊन गेला होता, त्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. मधे ६५ वर्षे गेली होती, तरी शरीर विसरले नव्हते.

कोरोना आणि फ्लूचे तसे नाही. आपल्या हिशेबाच्या भाषेत सांगतो. आजार होऊन गेला की शरीरात दोन गोष्टी जमा होतात. पहिली प्रतिपिंडे, म्हणजे ज्याला सगळे अँटीबॉडी म्हणतात. ही गल्ल्यातली रोकड. ती काही महिन्यांत कमी होत जाते. दुसरी म्हणजे स्मृतिपेशी. ही खातेवही. तिच्यात विषाणूची ओळख लिहून ठेवलेली असते. हाडांच्या मगजात बसून थोडी थोडी प्रतिपिंडे तयार करत राहणाऱ्या पेशीही असतात. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२१ साली कोरोनातून बरे झालेल्या १९ जणांच्या हाडातला मगज तपासला, तेव्हा १५ जणांमध्ये अशा पेशी सापडल्या. सिंगापूरमध्ये तर २००३ च्या सार्स आजारातून उठलेल्या लोकांच्या रक्तात १७ वर्षांनीही त्या विषाणूला ओळखणाऱ्या पेशी होत्या.

मग खातेवही असूनही माणूस पुन्हा आजारी का पडतो? वेळेचा प्रश्न आहे. गोवराचा विषाणू आधी शरीरभर फिरतो आणि दहा-बारा दिवसांनी अंगावर उठतो. तेवढ्यात शरीराला वही उघडून प्रतिपिंडे तयार करता येतात. कोरोना आणि फ्लूचे विषाणू नाका-घशातच दोन-चार दिवसांत वाढतात. स्मृतिपेशी जाग्या होईपर्यंत सर्दी-ताप सुरू झालेला असतो, आणि शिंकेतून तो दुसऱ्यापर्यंत पोचूही शकतो. फुप्फुसे बहुधा वाचतात, पण नाक वाचत नाही. त्यात हे विषाणू रूपही बदलत राहतात.

आकडे हेच सांगतात. १९ देशांतल्या ६५ अभ्यासांचा एकत्र हिशेब २०२३ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला. एकदा कोरोना झालेल्यांना दहा महिन्यांनी ओमायक्रॉनच्या लागणीपासून ३६ टक्केच संरक्षण उरले होते. गंभीर आजारापासून मात्र ८८ टक्क्यांहून अधिक. आणि डेन्मार्कमधल्या २०२० सालच्या नोंदी पाहिल्या तर दुसऱ्या लागणीपासून एकूण लोकांना ८० टक्के संरक्षण होते, पण ६५ वर्षांवरच्यांना फक्त ४७ टक्के. विहारातल्या आजींना हा आकडा मी मुद्दाम सांगितला. त्या म्हणाल्या, “मग एवढ्या उशिरा सांगतोस व्हय रं?”

फ्लूची गोष्ट तर आणखी नवलाची. १९१८ च्या साथीतून वाचलेली, ९१ ते १०१ वर्षे वयाची ३२ माणसे अमेरिकेत २००८ साली तपासली. नव्वद वर्षांनंतरही त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे त्यांच्या रक्तात होती. दुसऱ्याच वर्षी, २००९ मध्ये, स्वाइन फ्लू आला. देशातला पहिला बळी आपल्या शेजारच्या पुण्यात गेला, एक शाळकरी मुलगी. त्या साथीत म्हाताऱ्यांपेक्षा तरुणांना जास्त लागण झाली. कारण १९१८ च्या विषाणूचे वंशज १९५७ पर्यंत फिरत होते आणि त्या काळातल्या मुलांनी, म्हणजे २००९ च्या म्हाताऱ्यांनी, त्यांची ओळख करून घेतली होती.

पण १९१८ म्हटले की आपण दुसरा एक आकडा विसरू नये. त्या साथीत मुंबई शहरात युरोपियनांमध्ये हजारी ८ माणसे मेली. सरकारी कागदात ज्यांना ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटले आहे, त्यांच्यात हजारी ६१. विषाणू तोच होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू झाले, तेव्हा त्याच शहरातल्या चाळींत आपल्या लोकांची ही अवस्था होती. दाट खोल्या, अर्धपोट जेवण, शेवटपर्यंत अंगमेहनत. प्रतिकारशक्ती रक्तात असते हे खरे, पण ती कोणत्या खोलीत राहते यावरही बरेच ठरते.

मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात परदेशातून परतलेल्या एका कुटुंबापासून वीस-पंचवीस जणांना लागण झाली. मिरजेच्या सरकारी दवाखान्यात बहुतेक सगळे बरे झाले. त्या दिवसांत बरा झालेला माणूस दारात आला तरी लोक कडी लावत. शिवू नको म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. सहा महिन्यांत वारे उलटे फिरले. बरा झालेला माणूस सगळ्यात धोक्याच्या कामाला पुढे ढकलायला बरा, असे झाले. पहिल्या वेळी विज्ञान कोणी विचारले नाही. दुसऱ्या वेळी विचारले, पण आपल्या सोयीपुरते. ‘होऊन गेलाय’ याचा अर्थ त्या माणसाचा स्वतःचा धोका काही काळ कमी, एवढाच. त्याच्या घरच्यांचा धोका त्याने संपत नाही. मास्क आणि पोशाख हे तात्यांसाठी जेवढे होते, तेवढेच घरातल्या चुलीपाशी बसलेल्या बाईसाठी होते. ठेक्याच्या कागदावर ही बाई कुठेच नसते.

आमच्यातही या समजुतीपायी कितीतरी जणांनी लस टाळली. शासनाने मे २०२१ मध्ये, बरे झाल्यावर तीन महिन्यांनी लस घ्या, असे सांगितले होते. होऊन गेलेल्या माणसाने लस घेतली तर खातेवहीतली नोंद अधिक पक्की होते, हे पुढे अनेक अभ्यासांतून दिसले. तात्यांनी दोन्ही डोस घेतले, पण पत्नी गेल्यानंतर.

विहारातून उठून गेलेल्या तात्यांना मी संध्याकाळी घरी जाऊन भेटलो. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, “भाऊ, माझ्या अंगात जी ताकद आलती, ती तिला देता आली असती का?” मी खरे ते सांगितले. आईकडून पोटातल्या बाळाला थोडी मिळते, तीही काही महिने टिकते. नवऱ्याकडून बायकोला मिळत नाही. आजार न होता ती मिळण्याचा एकच रस्ता होता, लस.

त्यांनी तो हिशेब आधीच केलेला होता. एप्रिल २०२१ मध्ये लस ४५ वर्षांवरच्यांनाच मिळत होती. १ मे पासून १८ वर्षांवरच्यांना खुली झाली, पण साठा नव्हता आणि दहा-अकरा दिवसांत राज्याने ती पुन्हा थांबवली. तात्यांनी पत्र्याच्या पेटीतून पत्नीचे आधार कार्ड काढून माझ्या हातात दिले. जन्मसालावर बोट ठेवले. त्रेचाळीस वर्षे.