स्तन काढायचा की वाचवायचा?

जुळे सोलापुरातल्या एखाद्या घरात स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं की घरचेच पटकन म्हणतात, "सगळंच काढून टाका, डोक्याला घोर नको." भीती समजण्यासारखी आहे, पण निर्णय भीतीच्या हाती देऊ नये. इटलीत मिलान इथे १९७३पासून ७०१ स्त्रियांवर अभ्यास झाला. गाठी दोन सेंटिमीटरपर्यंतच्या. काहींचा पूर्ण स्तन काढला, इतरांचा गाठीसह आसपासचा भाग काढून रेडिएशन दिलं. वीस वर्षांनीही दोन्ही गटांत जगण्याचं प्रमाण सारखंच निघालं. त्याच जागी रोग परतण्याचं प्रमाण मात्र स्तन वाचवलेल्यांत जास्त होतं, शंभरात सुमारे नऊ, तर दुसऱ्या गटात दोन.

स्तन वाचवताना काढलेल्या तुकड्याच्या कडांना शाई लावतात आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. कर्करोगाच्या पेशी शाईला टेकल्या असतील तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागू शकते.

रेडिएशनसाठी आठवड्यातले पाच दिवस, साधारण तीन ते पाच आठवडे जावं लागतं. उपचार बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात घ्यायचे असतील तर जाण्यायेण्याची, मुक्कामाची सोय आधी पाहा. केवळ एसटीच्या खेपांपायी स्तन गमावावा लागू नये, असं मला मनापासून वाटतं. शिवाय गाठ मोठी असली किंवा काखेत रोग पोचला असला, तर पूर्ण स्तन काढूनही रेडिएशन लागू शकतं.

रोग स्तनभर पसरला असेल किंवा छातीला पूर्वी रेडिएशन मिळालं असेल, तर बहुधा पूर्ण स्तन काढणंच योग्य. मोठी गाठ आधी केमोथेरपीने लहान करून पाहता येते का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.