साठ मिनिटं, चार रंग, एक फ्लॉपी

चपला दाराबाहेर, हात कोरडे आणि फळ्याजवळच्या खडूच्या धुळीपासून लांब. नव्वदच्या दशकातल्या कम्प्युटर क्लासमध्ये शिरण्याचे हे नियम. आत एसी, खिडक्यांना जाड पडदे, मॉनिटरवर प्लास्टिकचं आवरण आणि एका यंत्रापुढे दोन-तीन जण. शिकवणं बेसिकचं नाहीतर वर्डस्टारचं, पण डोळा घड्याळावर. सर बाहेर गेले की कुणीतरी 'सीडी गेम्स' आणि मग 'डेव्ह' असं टाइप करून एन्टर मारायचं आणि काळ्या पडद्यावर लाल टोपीतला डेव्ह उड्या मारू लागायचा. ट्रॉफी घेतल्याशिवाय त्याच्यासाठी दार उघडत नसे. डॉसच्या आज्ञा कित्येकांना पाठ झाल्या त्या या दारासाठी.

या जुन्या गेम्सचा विषय निघाला की गप्पा लगेच हळव्या होतात. ते समजण्यासारखं आहे, पण त्या का टिकल्या याचं उत्तर बालपणात मिळत नाही. ते त्यांच्या घडणीत आहे, आणि ती घडण म्हणजे शुद्ध कोंड्याचा मांडा.

कोंडा किती, तेही पाहू. आयबीएमच्या पीसीसाठी १९८१ साली आलेल्या सीजीए कार्डावर गेम्सना एका वेळी चारच रंग मिळत: बहुतेकदा काळा, पांढरा, आकाशी आणि झगझगीत गुलाबी. १९८४च्या ईजीएने सोळा दिले, १९८७च्या व्हीजीएने २५६. आवाजासाठी पेटीतला एक छोटा स्पीकर, तो एका वेळी एकच सूर काढी. अॅडलिबचं कार्ड १९८७चं, सिंगापूरच्या क्रिएटिव्हचं साउंड ब्लास्टर १९८९चं; क्लासच्या यंत्रांत दोन्ही क्वचितच असत. डॉसमध्ये प्रोग्रॅमला सहज वापरता येणारी मेमरी ६४० केबीपर्यंत. साडेतीन इंची फ्लॉपीवर मावणार १.४४ एमबी, आज मोबाइलवर काढलेला एक फोटोही अनेकदा तिच्यात बसणार नाही.

अशा तुटपुंज्या सामग्रीत 'प्रिन्स ऑफ पर्शिया' उभा राहिला. जॉर्डन मेकनर या तरुणाने १९८५मध्ये काम सुरू केलं आणि १९८९मध्ये अॅपल टू या तेव्हाच म्हाताऱ्या झालेल्या यंत्रावर गेम बाहेर आली. राजपुत्र माणसासारखा पळावा म्हणून मेकनरने धाकटा भाऊ डेव्हिड याला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला, कठड्याला लोंबकळायला लावलं आणि व्हिडिओवर टिपलं. मग चित्रफीत थांबवत थांबवत एकेक फ्रेम कम्प्युटरवर गिरवली. तलवारबाजीसाठी आधार घेतला १९३८च्या रॉबिन हूड चित्रपटातल्या द्वंद्वाचा. संगीत वडिलांनी, फ्रान्सिस मेकनर यांनी दिलं. म्हणून तो राजपुत्र पळता पळता थांबला की एकदम थांबत नाही, घसरतो. कड्याच्या टोकाला बोटांवर लटकतो. राजकन्येला सोडवायला साठ मिनिटं, आणि मेलात तरी घड्याळ थांबत नाही.

अडचण आली मेमरीची. सुरुवातीच्या आराखड्यात मारामारीच नव्हती. गेममध्ये लढत हवी, असा धोशा टॉमी पिअर्स या सहकारी मैत्रिणीने लावला होता. पण दुसरं पात्र काढायला जागाच उरली नव्हती. तेव्हा मेकनरने राजपुत्राचीच चित्रं घेतली, किंचित सरकवून स्वतःवरच उलटवली आणि उरली ती लुकलुकणारी बाह्यरेषा. नवं चित्र एकही न काढता प्रतिस्पर्धी तयार झाला: सावली. नंतर काटकसर करून पहारेकऱ्यांसाठीही जागा काढली गेली, पण गोष्टीचा जीव त्या सावलीतच राहिला.

खेळताना ती अशी भेटते. चौथ्या लेव्हलमध्ये परतीच्या वाटेवर अचानक आरसा उभा. पळत येऊन त्यातून उडी घ्यावी लागते. पलीकडे पडताना राजपुत्राचा जीव एका ठिपक्यावर येतो आणि आरशातून त्याचं प्रतिबिंब उलट्या दिशेला निघून जातं. पाचवीत ते त्याची औषधाची कुपी पिऊन टाकतं. सहावीत ऐन वेळी दार बंद करून त्याला खाली पाडतं. बाराव्या लेव्हलमध्ये समोरासमोर तलवारी निघतात आणि वार केला की जीव आपलाच कमी होतो. सुटका एकच: तलवार म्यान करायची आणि सावलीत शिरायचं. सोडवलेल्याने शेजारच्याच्या कानात सांगावं, अशी ही युक्ती.

आपल्याकडे ही गेम डॉसवर आली, तीही बहुधा पुस्तिकेविना. पहिली लेव्हल संपताच एक खोली लागे: कुप्यांवर अक्षरं, आणि पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतल्या शब्दाचं पहिलं अक्षर असलेली कुपी प्यायची. विकत न घेणाऱ्यांना अडवण्यासाठी केलेला तो बंदोबस्त. त्यावर तोड म्हणून वह्यांच्या शेवटच्या पानांवर मंत्र उतरले: 'प्रिन्स मेगाहिट' असं टाइप करून गेम चालू करायची, शिफ्ट-एल दाबलं की पुढची लेव्हल, शिफ्ट-टी दाबलं की जीव वाढतो.

डेव्हचा वंश वेगळा. जॉन रोमेरोने तो १९८८मध्ये अॅपल टूसाठी केला आणि छापला फ्लॉपीवर निघणाऱ्या एका मासिकात; वर्गणीदारांना अंकासोबत प्रोग्रॅम मिळत. त्याच डेव्हने सप्टेंबर १९९०मध्ये एक मोठं काम केलं. निन्टेंडोवर मारिओ पळताना मागचं दृश्य गुळगुळीत सरकत असे. पीसीला ते जमत नव्हतं. रोमेरोचा सहकारी जॉन कारमॅक याने शोधलेली युक्ती ऐकायला घरगुती वाटते: पडदा सरकवताना जे चौकोन तसेच राहतात त्यांना हात लावायचा नाही, बदलतील तेवढेच नव्याने रंगवायचे. त्याने आणि टॉम हॉलने एका रात्रीत 'मारिओ ३'ची पहिली लेव्हल पीसीवर उभी केली, नायक म्हणून डेव्हला बसवलं आणि फ्लॉपी रोमेरोच्या टेबलावर ठेवून दिली. मारिओ पीसीवर आणायला निन्टेंडोने पुढे नकार दिला, पण डिसेंबरात 'कमांडर कीन' आली आणि १९९१मध्ये आयडी सॉफ्टवेअर ही कंपनी.

१० डिसेंबर १९९३ला त्याच मंडळींनी 'डूम' विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर चढवली. पहिला भाग फुकट, खुशाल वाटा. पुढचे हवे तर पैसे पाठवा. या पद्धतीला शेअरवेअर म्हणत. आपल्याकडे पहिला भाग आणि पुढचे भाग यांत फारसा भेद राहिला नाही. दोन्ही मित्राच्या मित्राकडून, नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आले.

सगळ्याच गेम्स विकण्यासाठी लिहिल्या गेल्या नाहीत. 'टेट्रिस' अलेक्सी पाजित्नोवने १९८४मध्ये मॉस्कोच्या संगणक केंद्रात केली, तीही ज्या यंत्रावर चित्रं काढताच येत नव्हती अशावर. ठोकळे कंसांचे होते. 'सॉलिटेअर' १९९०मध्ये विंडोज ३.०बरोबर फुकट आली आणि कार्यालयांतल्या लोकांना पत्ता पकडून ओढता ओढता माउस शिकवून गेली. ती लिहिणाऱ्या वेस चेरीने साहेब आले की झटकन कामाचा पडदा दाखवणारी कळही बसवली होती. मायक्रोसॉफ्टने ती काढायला लावली.

आता प्रश्न जपण्याचा. फ्लॉपीवरचं चुंबकत्व विरतं. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३मध्ये मोजलं, तेव्हा तिथे २०१०पूर्वी निघालेल्या गेम्सपैकी ८७ टक्के बाजारात रीतसर मिळत नव्हत्या. मेकनरचा मूळ प्रोग्रॅमही हरवल्यातच जमा होता. २०१२मध्ये संगीत देणाऱ्या त्याच वडिलांना घरात एक खोका सापडला, त्यात त्या प्रोग्रॅमच्या चकत्या होत्या. जाणकारांनी त्या वाचून काढल्या आणि प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला झाला. इंटरनेट अर्काइव्हने २०१५च्या सुरुवातीला डॉसच्या दोन हजारांहून अधिक गेम्स ब्राउझरमध्ये खेळता येतील अशा ठेवल्या. त्यामागे डॉसबॉक्स आहे, जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम.

या गेम्सची एक खोड जुन्या मंडळींना ओळखीची वाटेल. ऐंशीच्या दशकातल्या कित्येक गेम्स आपला वेग पीसीच्या ४.७७ मेगाहर्ट्झवरच बेतत. यंत्र जलद झालं की पात्रं पिसाटल्यासारखी पळत. म्हणून पेटीवर टर्बो नावाचं बटण असे, नाव वेगाचं आणि गेमवाल्यांना उपयोग यंत्र हळू करण्याचा. डॉसबॉक्समध्ये त्या बटणाच्या जागी आहे कंट्रोल-एफ११. चाळिशीतला माणूस नव्या लॅपटॉपवर ते एकदा, दोनदा, पाचदा दाबतो आणि पडद्यावरचा खड्डा अखेर उडी मारता येईल इतक्या सावकाश जवळ येऊ लागतो.