संशयाचा फायदा, विलंबाचा तोटा

परभणी जिल्ह्यातील जिंतूर, गंगाखेड वा पालम तालुक्याच्या एखाद्या खेड्यातून फौजेत भरती झालेला जवान पंधरा-वीस वर्षांनी गुडघा निकामी होऊन, कान अधू होऊन किंवा रक्तदाबाचा विकार जडून घरी परततो, तेव्हा त्याच्या शरीराची हानी किती झाली याचा निर्णय वैद्यकीय मंडळाने, म्हणजे फौजी बोलीतल्या ‘बोर्डा’ने, आधीच दिलेला असतो, वाद उरतो तो त्या हानीची जबाबदारी सरकारवर येते की नाही एवढाच, आणि अपंगत्वाच्या पेन्शनीचे दावे वर्षानुवर्षे रेंगाळतात ते बहुधा याच वादापायी.

बोर्डाच्या कागदावर प्रत्येक विकारासंबंधी मुख्यतः तीन गोष्टी नमूद होतात : तो सेवेमुळे उद्भवला काय, सेवेमुळे बळावला काय, आणि अपंगत्व किती टक्के. पहिल्या दोहोंपैकी एकाला होकार आणि टक्केवारी किमान २०, अशी साधारणतः अट असल्याने, दोन्ही रकान्यांत ‘नाही’ पडले की मंजुरी अडते आणि जवानाला अपिलाची वाट धरावी लागते.

ही वाट किती लांब असू शकते, हे धरमवीर सिंग यांच्या प्रकरणावरून कळते. १९८५ साली सिग्नल कोअरमध्ये दाखल झालेल्या या शिपायास अपस्मारासारख्या झटक्यांमुळे १९९४ मध्ये सेवामुक्त करण्यात आले, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला तो २ जुलै २०१३ रोजी. भरतीच्या वेळी विकाराची नोंद नसेल तर तो सेवेतूनच उद्भवला असे सामान्यतः गृहीत धरावे, अन्यथा सिद्ध करण्याचा भार सरकारवर राहील आणि संशयाचा फायदा जवानाला मिळेल, असे तत्त्व त्या निकालाने स्पष्ट केले. परंतु ते पदरात पडेपर्यंत एकोणीस वर्षे लोटली होती.

रक्कम क्षुल्लक नसते. शंभर टक्के अपंगत्वाला अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के, या हिशेबाने ४०,००० रुपये वेतन असलेल्यास ३० टक्के अपंगत्वाबद्दल दरमहा ३,६०० रुपये होतात. तेच अपंगत्व नियमाने ५० टक्के धरले गेले तर ६,००० रुपये. हा वाढीव लाभ मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार प्रकरणात सांगावे लागले.

परभणीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मार्गदर्शन मिळते, निर्णय मिळत नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे दफ्तर बेळगावला, महार रेजिमेंटचे सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, आणि पेन्शनीचा लेखाविभाग प्रयागराजला, अशी कागदांची यात्रा असते. तीत डिस्चार्ज बुकातले नाव आधार कार्डाशी जुळले नाही तरी दुरुस्तीपायी काम अडते. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईस आहे, म्हणून अधू पायाच्या माणसाला तारखेसाठी देवगिरी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करावा लागतो. न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट करता येते, हे २०२३ च्या निकालाने स्पष्ट झाल्यामुळे औरंगाबाद खंडपीठाचे दार जवळ आले, एवढाच दिलासा.

विलंबाची खरी झळ मात्र थकबाकीत लागते. २००८ च्या तरसेम सिंग प्रकरणातील तत्त्वानुसार उशिरा दाद मागणाऱ्यास थकबाकी सामान्यतः मागील तीन वर्षांपुरतीच मिळते. म्हणजे नकाराचे पत्र खरे मानून जो दहा वर्षे गप्प बसला, त्याची सात वर्षे बुडाली. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीने अपंगत्वाच्या प्रकरणांतील सरकारी अपिलांवर टीका केली होती, तरी दावे न्यायालयांत जातच राहिले.

म्हणून माजी सैनिकाने बोर्डाच्या कार्यवाहीची नक्कल मागून घ्यावी, अपील पोचपावतीनिशी दाखल करावे, आणि सहा महिन्यांत उत्तर न आल्यास पुढील सहा महिन्यांच्या आत न्यायाधिकरणाकडे जावे, हे शहाणपणाचे. पण त्याच्या दक्षतेने सरकारचे कर्तव्य संपत नाही. सिद्धतेचा भार ज्याच्यावर कायद्याने टाकला आहे, त्याने नकाराची कारणे पहिल्याच कागदावर लिहावीत, आणि ती लिहिता येत नसतील तर पेन्शन मंजूर करावी. नाहीतर कायद्याने जवानाला दिलेला संशयाचा फायदा दिरंगाई परत हिरावून घेते.