गाडीभाड्यावरचा डिझेल सरचार्ज : १,२०० की ४००?

गेल्या पट्टीत भाडं जास्त का कापलं, असं बऱ्याच जणांनी सोसायटीत येऊन विचारलं. काहींनी आवाजही चढवला. विचारणं बरोबरच आहे, म्हणून इथे लिहितो. समजायला सोपं जावं म्हणून आकडे गोल केलेत.

आपली गाडी चोर्ला घाटाने बेळगावला जाते. भाडं १२,००० ठरलं तेव्हा डिझेल ८० रुपये होतं असं धरा. ते ८८ झालं, म्हणजे १० टक्के वाढ. वाहतूकदाराने बिलात सरळ १० टक्के सरचार्ज लावला, १,२०० रुपये. वरवर रास्त वाटतं. आम्हीही दोन बिलांवर हिशेब न करता सही केली, ती चूक आमची.

पण भाडं म्हणजे नुसतं डिझेल नव्हे. ड्रायव्हरचा पगार, टायर, विमा, गाडीचा हप्ता, मालकाचा नफा, यातलं काही डिझेलबरोबर वाढलं नाही. जाऊन-येऊन २५० किलोमीटर, लिटरला ५ किलोमीटर धरले (भरलेली गाडी घाटात डिझेल पिते, हे ड्रायव्हरचं म्हणणं खरं आहे), तर ५० लिटर लागतं. लिटरमागे ८ रुपये जादा, म्हणजे खेपेला ४०० रुपये. बाकीचे ८०० कशाचे?

जहाजाच्या भाड्यातही असंच असतं, तिथे त्याला बंकर सरचार्ज म्हणतात.

आता खरा खर्च बघा. ५० क्रेट, प्रत्येकी ४० किलो, एकूण २,००० किलो. भाडं ४०० धरून १२,४००, म्हणजे किलोला ६ रुपये २० पैसे. पण क्रेटमध्ये १५ किलो बर्फ असतो! बांगडा फक्त १,२५० किलो. त्यात हमाली १,०००, बर्फ १,५००, रिकामी क्रेट परत आणायला ६००. एकूण १५,५००, म्हणजे किलोला १२ रुपये ४० पैसे, बरोबर दुप्पट. वाटेत गाडी अडकून ५० किलो माल मऊ पडला, तर जवळजवळ १३ रुपये. म्हणून बर्फात काटकसर करू नका. तिथे वाचवलेलं बेळगावात जातं.

वाहतूकदाराशी बोलणं झालं आहे. पुढच्या खेपेपासून डिझेल ८० च्या वर गेलं तर दर रुपयामागे ५० रुपये जादा, खाली आलं तर तेवढेच कमी. आधीच्या करारात कमी होण्याचा शब्दच नव्हता. दोन खेपांचे जादा गेलेले १,६०० पुढच्या बिलातून वळते होतील. बिलाची प्रत ऑफिसात आहे, संध्याकाळी ५ नंतर येऊन बघा.