बसच्या पोटातली पंगत

2019 सालापासून पुण्यात धावणारी पीएमपीची विजेवरची बस पाहिलीत ना? भेकराईनगरच्या आगारात ती 'जेवायला' थांबते. तिच्या बॅटरीत कितीतरी लिथियम सेल एकसर जोडलेले असतात. एकेकाचा जोर जेमतेम 3 ते 4 व्होल्ट. जोडले की बेरीज होते. प्रवाह मात्र सगळ्यांतून सारखाच!

इथेच गंमत आहे. पंगतीत वाढप्याने सर्वांना सारखंच वाढलं, तर कमी भुकेच्याचं पोट आधी भरणार. तरीही आग्रह चालूच राहिला, तर? सेल तापेल, फुगेल, पेटही घेईल! म्हणून एक इलेक्ट्रॉनिक पहारेकरी प्रत्येक सेलचे व्होल्ट मोजत बसतो. भरलेल्याची थोडी वीज तो रोधकातून वळवतो. ती उष्णता होऊन जाते (फुकटच म्हणा ना!), तोवर मागे राहिलेले सेल त्याला गाठतात.

आणि बस धावताना? एक जरी सेल रिकामा झाला, तरी बाकीच्यांतली उरलेली वीज तिथेच अडकते.