एक सुट्टा, हार्टला रट्टा!

दुपारचे चार. डेडलाइन डोक्यावर, बॉसचा मूड खराब... 'चल, एक सुट्टा मारून येऊ!' ऑफिसखालची टपरी, कटिंग आणि सिगरेट. वर ठरलेला डायलॉग, 'मी काय चेन स्मोकर आहे का? दिवसाला एखादीच तर ओढतो!'

हार्टला मात्र हा हिशेब मान्य नाही. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २०१८ साली आलेल्या अभ्यासानुसार, रोजच्या २० सिगरेटींमुळे हृदयविकाराचा जेवढा जादा धोका वाढतो, त्याच्या जवळपास निम्मा रोजच्या एकाच सिगरेटने वाढतो.

आत होतं काय?
निकोटिनमुळे नाडी आणि बीपी वाढतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा बळकावतो. रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब होतं, गुठळ्या पटकन होतात. थोडक्यात, पगार कापून ओव्हरटाइम!

'माझं ऑपरेशन झालंय ना!'
हजारातली साधारण आठ-नऊ बाळं हृदयातला दोष घेऊनच जन्मतात. इंदापूर तालुक्यातल्या नरसिंहपूरला नीरा-भीमेचा संगम बघायला छान वाटतो. पण हृदयाच्या पडद्याला भोक असलं, की शुद्ध-अशुद्ध रक्ताचा नको तो संगम होतो. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात गावोगावच्या शाळा-अंगणवाड्यांत मुलांची तपासणी होते, गरजूंना ऑपरेशनसाठी मदतही मिळते. तेव्हा शाळेत असलेली मुलं आज नोकरीच्या वयाची आहेत.

'लहानपणी भोक बुजवलं, आता मी एकदम फिट,' असं अनेकांना वाटतं. पण दुरुस्त केलेलं हार्ट म्हणजे कोरं हार्ट नव्हे. काहींचे ठोके पुढेही अनियमित होतात. महाधमनी अरुंद असलेल्यांचं बीपी ऑपरेशननंतरही चढू शकतं. काहींच्या फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांवर दाब असतो. धूर नेमका याच दुखऱ्या जागांवर घाव घालतो.

गुड न्यूज? शेवटच्या सिगरेटनंतर २० मिनिटांत नाडी उतरायला लागते. वर्षभर लांब राहिलात, तर हृदयविकाराचा जादा धोका साधारण निम्म्यावर येतो.

सोडायचीय? मग हे करा
• 'कमी करतो' नको, तारीख ठरवून बंदच करा.
• तलफ काही मिनिटांचीच असते. पाणी प्या, जिने चढा-उतरा, मित्राला फोन लावा.
• ई-सिगरेट हा उपाय नाही. भारतात २०१९ पासून तिच्यावर बंदी आहे.
• १८००-११२-३५६ या टोल-फ्री क्विटलाइनवर बोला.
• लहानपणी हार्टचं ऑपरेशन झालंय? आईला जुनी फाइल शोधायला सांगा आणि ती घेऊन कार्डिओलॉजिस्टला भेटा. सिगरेटबद्दल खरं सांगा!