अश्मरीवरील संशोधन प्रकल्प : पहिल्या रुग्णापूर्वीची तयारी

ग्रीष्म लागला की जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो आणि आपल्या चिकित्सालयांत अश्मरीचे रुग्ण वाढू लागतात. घाम अधिक, पाणी कमी, मूत्र गाढ. कारण शोधण्यास दूर जावे लागत नाही. गोक्षुरादि गुग्गुळ व वरुणादि क्वाथ दिला आणि तीन आठवड्यांत खडा पडला, असे अनुभव खानदेशातील बहुतेक वैद्यांच्या संग्रही आहेत. वैद्यांच्या बैठकीत ‘यावर एक संशोधन प्रकल्प करावा’ असा विषय निघतो आणि सर्वांनी आपापले शंभर रुग्ण एकत्र करावेत, इथवर येऊन थांबतो. असे शंभर रुग्ण म्हणजे संशोधन नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याचे कारण चरकसंहितेतच आहे. सूत्रस्थानातील महाचतुष्पाद अध्यायात मैत्रेयाने आत्रेयांपुढे शंका मांडली आहे की, चिकित्सा न करताही काही रुग्ण बरे होतात, मग चिकित्सेचे श्रेय ते काय? अश्मरीच्या बाबतीत ही शंका फारच बोचरी ठरते. अमेरिकन व युरोपीय मूत्ररोग संघटनांनी 2007 साली उपलब्ध अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा गविनीतील 5 मि.मी. पर्यंतचे सुमारे 68 टक्के खडे आपोआप पडतात असे आढळले. 5 ते 10 मि.मी. च्या खड्यांत हे प्रमाण सुमारे 47 टक्के होते. म्हणजे शंभरांपैकी सत्तर खडे पडल्याचे आपण अभिमानाने छापले, तरी वाचक म्हणेल की नुसत्या पाण्यानेही तेच झाले असते.

हा फटका केवळ आपल्यालाच बसतो असे नाही. आधुनिक वैद्यकात टॅमसुलोसिन हे औषध खडा पडावा म्हणून वर्षानुवर्षे दिले जात होते व लहान लहान अभ्यास त्याच्या बाजूने होते. ब्रिटनमधील 24 रुग्णालयांत हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष 2015 साली आला. चार आठवड्यांत पुढील उपचाराची गरज न पडलेले रुग्ण टॅमसुलोसिन गटात 81 टक्के, तर निष्क्रिय गोळीच्या गटात 80 टक्के निघाले.

तेव्हा प्रथम प्रश्न एका वाक्यात लिहावा. ‘अश्मरीवर वरुणादि क्वाथ उपयुक्त आहे काय’ हा प्रश्न फार मोघम झाला. ‘गविनीत 5 मि.मी. पर्यंतचा एकच खडा असलेल्या प्रौढ रुग्णांत, पुरेसे पाणी व गरजेपुरते वेदनाशामक यांच्या जोडीला हा क्वाथ दिल्यास, चार आठवड्यांत खडा पडण्याचे प्रमाण वाढते काय’ हा प्रश्न मोजता येतो. ज्वर, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, एकच वृक्क किंवा मूत्रप्रवाहास पूर्ण अवरोध असलेले रुग्ण यात घेऊ नयेत. त्यांना विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

रुग्णसंख्या अंदाजाने ठरवू नये. तुलना गटात 68 टक्के खडे पडतील व आपल्या औषधाने ते 88 टक्के होतील अशी अपेक्षा धरली, तर रूढ सूत्राप्रमाणे प्रत्येक गटात सुमारे 64 रुग्ण लागतात. गळती धरून 75 घ्यावेत. फरक दहाच टक्के अपेक्षित असेल, तर ही संख्या कित्येक पटींनी वाढते. एका वैद्याच्या आवाक्यातले हे काम नाही. म्हणूनच दोन्ही जिल्ह्यांतील पाच-सात चिकित्सालयांनी एकच आराखडा पाळावा.

कोणता रुग्ण कोणत्या गटात जाईल हे वैद्याने ठरवू नये. आधीच तयार केलेल्या बंद लिफाफ्यातील चिठ्ठीने ते ठरावे. एकाआड एक रुग्ण घेण्याची पद्धत सोपी वाटते, परंतु पुढचा क्रम ठाऊक असल्याने मन नकळत निवड करू लागते. उन्हाळ्यातील रुग्णांची पावसाळ्यातील रुग्णांशी तुलना करण्याचा मोहही टाळावा. सोनोग्राफी करणाऱ्यास गट माहीत नसावा. मधल्या गविनीतील खडा सोनोग्राफीत चुकू शकतो, म्हणून रुग्णास मूत्र गाळून खडा जपून ठेवण्यास सांगावे.

काय मोजावे व किती काळ मोजावे, हे क्षारसूत्राच्या इतिहासावरून चांगले कळते. बनारस हिंदू विश्वविद्यालयात प्रा. पी. जे. देशपांडे यांनी ज्याचे पुनरुज्जीवन केले, त्या क्षारसूत्राची शस्त्रकर्माशी तुलना करणारी बहुकेंद्री चाचणी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 1991 साली प्रसिद्ध केली. भगंदर भरण्यास क्षारसूत्राने आठ आठवडे लागले, शस्त्रकर्माने चार. तेथेच थांबले असते तर क्षारसूत्र हरले असते. पुढेही पाहिले, तेव्हा पुनरुद्भव क्षारसूत्र गटात 4 टक्के व शस्त्रकर्म गटात 11 टक्के निघाला.

औषधनिर्मात्यांची जबाबदारी येथे वैद्यांइतकीच आहे. संपूर्ण प्रकल्पासाठी एकाच बॅचचे भरड वापरावे व तिचा नमुना राखून ठेवावा. बाजारात गोखरू म्हणून सराट्याची काटेरी फळेही येतात व मोठा गोखरूही येतो; पाषाणभेदाच्या नावाखाली तर निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. ओळख पटवून तशी नोंद केलेली नसेल, तर निष्कर्ष कोणत्या द्रव्याचा हेच सांगता येणार नाही.

नैतिक समितीची मान्यता व क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियामधील नोंदणी पहिला रुग्ण घेण्यापूर्वी व्हावी. खाजगी वैद्यांनी जवळच्या महाविद्यालयाच्या समितीकडे जावे. संमतिपत्र मराठीत असावे, परंतु समजावून सांगताना अहिराणी बोलावी. सही घेतली म्हणजे संमती मिळाली असे नव्हे.

राहिला गळतीचा प्रश्न. दिवाळीनंतर चाळीसगाव, साक्री भागातील अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि तपासणीस येत नाहीत. अशांचा दूरध्वनी क्रमांक व गावातील एका नातेवाइकाचा क्रमांक पहिल्याच दिवशी लिहून घ्यावा. तरीही जे हाती लागणार नाहीत, त्यांना हिशेबातून वगळू नये. ज्या गटाची चिठ्ठी निघाली त्याच गटात, ‘खडा पडल्याचे सिद्ध नाही’ या रकान्यात त्यांची गणना करावी.